बाजारातल्या तुरी, शंभर मैलांचा चेंडू

२७ जून १९७३ची संध्याकाळ. डॅलस आणि फोर्ट वर्थच्या मधोमध असलेल्या आर्लिंग्टनच्या रस्त्यांवर गाड्यांची एवढी कोंडी झाली, की बेसबॉलचा सामना उशिरा सुरू करावा लागला. टेक्सास रेंजर्स हा संघ वॉशिंग्टनहून इथं येऊन जेमतेम दीड हंगाम झाला होता. संघ तळाला, आणि मैदान तोवर एकदाही पूर्ण भरलेलं नव्हतं. त्या दिवशी ३५,६९८ माणसं आली, ती एका अठरा वर्षांच्या पोराला बघायला. डेव्हिड क्लाइड त्याचं नाव. ह्यूस्टनच्या शाळेकडून शेवटच्या वर्षी त्यानं अठरा सामने जिंकले होते आणि एकही हरला नव्हता. ५ जूनच्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीत, रेंजर्सनी त्याला देशात सर्वांत आधी उचललं आणि तीन आठवड्यांच्या आत थेट मेजर लीगच्या मैदानावर उभं केलं. पहिल्या दोन बॅटरना त्यानं वॉक दिला, म्हणजे चार-चार चेंडू बाहेर टाकून फुकटात पहिल्या बेसवर पाठवलं. पुढच्या तिघांना मात्र ओळीनं स्ट्राइकआउट, म्हणजे तीन-तीन स्ट्राइकमध्ये बाद केलं. पाच डाव, एकच हिट, आठ स्ट्राइकआउट, सात वॉक आणि विजय त्याच्या नावावर.

ठरलं असं होतं की पोरानं दोन सामने इथं खेळायचे आणि मग शिकायला मायनर लीगमध्ये जायचं. पण मालक बॉब शॉर्ट यांना गल्ल्याची चिंता होती, आणि क्लाइडच्या नावावर तिकिटं खपत होती. पोरगा तिथंच राहिला. व्यवस्थापक व्हाइटी हर्झॉग यांना हे पटलं नव्हतं. सप्टेंबरात त्यांचीच नोकरी गेली. क्लाइडचा मेजर लीगमधला शेवटचा सामना १९७९चा. एकूण १८ विजय, ३३ पराभव. मेजर लीगचं निवृत्तिवेतन मिळायलाही काही आठवडे कमी पडले. भरवशाच्या म्हशीला टोणगा होतो हे आपण म्हणतो तेव्हा दोष म्हशीला देतो. इथं म्हशीला कुणी नीट वाढूच दिलं नव्हतं.

त्या संध्याकाळनंतर अर्धं शतक उलटलं आणि रेंजर्सचा चाहता अजून तेच करतो आहे: मायनर लीगमधल्या कुठल्यातरी पोराच्या उजव्या किंवा डाव्या हातावर आशा लावून बसणं. दर वर्षी हिवाळ्यात ‘पहिले शंभर’ अशा याद्या निघतात, त्यात आपल्या संघाचे किती पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, आहेत ते मोजलं जातं, आणि तीन वर्षांनंतरचा संघ कागदावर मांडला जातो. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, ही म्हण या माणसांसाठीच केलेली असावी. तरीही हा नाद निव्वळ खुळेपणाचा आहे असं म्हणून हात झटकता येत नाहीत. आशा फळते, हे आकड्यांतही दिसतं आणि इतिहासातही. ती कुणाच्या अंगणात आणि कुठल्या रूपात फळेल, हे मात्र जवळजवळ कधीच आधी कळत नाही.

मायनर लीगला अमेरिकेत ‘फार्म’ म्हणतात, आणि ही शेतीची उपमा ब्रँच रिकी यांच्या काळापासूनची आहे. १९२०च्या दशकात सेंट लुइस कार्डिनल्सकडे तयार खेळाडू विकत घ्यायला पैसे नव्हते. रिकींनी मग लहान गावांचे संघच ताब्यात घेतले आणि पोरं स्वतः पिकवायला सुरुवात केली. आज मेजर लीगच्या तीसही संघांकडे पूर्ण हंगाम खेळणारे चार-चार मायनर संघ आहेत: सर्वांत वर ट्रिपल ए, खाली डबल ए, मग हाय ए आणि सिंगल ए. एकूण १२०. २०२१ची फेररचना होण्याआधी ही संख्या बरीच मोठी होती. चाळीसहून अधिक गावांच्या संघांचं मेजर लीगशी असलेलं नातं त्या वेळी तुटलं. ड्राफ्टही चाळीस फेऱ्यांवरून वीसवर आला. शेत आक्रसलं, पण एकेका रोपावरचा खर्च वाढला.

या शेतात बॅटरही असतात. मग चाहता पिचरच्याच मागे का लागतो? एक कारण हिशेबाचं आहे. संघाला हंगामात पंचवीस-तीस पिचर लागतात, आणि बाजारातून आणलेला पहिल्या प्रतीचा पिचर हत्ती पोसण्याइतका महाग पडतो. जेकब डीग्रॉमला रेंजर्सनी २०२२च्या डिसेंबरात पाच वर्षांसाठी १८ कोटी ५० लाख डॉलर देऊन आणलं. पुढच्या हंगामात सहा सामने टाकून तो शस्त्रक्रियेच्या टेबलावर गेला. घरचा पिचर मात्र पहिली सहा वर्षं बांधलेला असतो आणि त्यातली निम्मी किरकोळ पगारात जातात. दुसरं कारण हिशेबापलीकडचं. बॅटरचं कौशल्य दिसायला महिने लागतात. पिचरचं पहिल्या चेंडूला दिसतं. ताशी शंभर मैल, म्हणजे १६१ किलोमीटरच्या वेगानं सुटलेला चेंडू साठ फूट सहा इंचांवरच्या बॅटरपर्यंत साधारण ०.४ सेकंदात पोचतो. तो आकडा फलकावर झळकला की पाहणाऱ्याच्या मनात क्लाइड नाही, नोलन रायन येतो.

आणि टेक्सासात रायन येणारच. तो तिथल्याच आल्विन गावचा. ५,७१४ स्ट्राइकआउट आणि सात नो-हिटर, म्हणजे एकही हिट न देता टाकलेले सामने, हे दोन्ही विक्रम आजही त्याच्याच नावावर आहेत. त्यातले शेवटचे दोन नो-हिटर त्यानं चाळिशी ओलांडल्यावर रेंजर्सच्या गणवेशात टाकले. पण रायनची गोष्ट सांगताना चाहते दोन बाबी गाळतात. १९६५च्या ड्राफ्टमध्ये त्याला बाराव्या फेरीपर्यंत कुणी हात लावला नव्हता. आणि ज्या न्यूयॉर्क मेट्सनी त्याला पिकवलं, त्यांनी १९७१च्या डिसेंबरात जिम फ्रेगोसी नावाच्या इनफिल्डरच्या बदल्यात त्याला एंजल्सकडे देऊन टाकलं. पहिल्या फेरीतल्या पोरांचे पाय पाळण्यात बघणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

पहिल्या फेरीचं, खरं तर पहिल्याच क्रमांकाचं पुस्तक उघडून बघण्यासारखं आहे. १९६५पासून आजवर ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर शाळकरी पिचर फक्त तीनदा घेतला गेला, आणि योगायोग असा की तिघंही डावखुरे. पहिला क्लाइड. दुसरा ब्रायन टेलर, नॉर्थ कॅरोलिनाच्या बोफर्टचा. न्यूयॉर्क यँकीजनी १९९१मध्ये त्याला साडेपंधरा लाख डॉलर दिले. डिसेंबर १९९३मध्ये भावाच्या बाजूनं मारामारीत उतरताना त्याचा खांदा फाटला आणि तो मेजर लीगमध्ये एकही चेंडू टाकू शकला नाही. तिसरा ब्रेडी एकन. २०१४मध्ये ह्यूस्टन अॅस्ट्रोजनी त्याला निवडलं, मग वैद्यकीय तपासणीवरून बिनसलं आणि करार झालाच नाही. पुढच्या वर्षी त्याच्या कोपरावर शस्त्रक्रिया झाली, आणि तोही वरपर्यंत पोचला नाही. न झालेल्या कराराची भरपाई म्हणून अॅस्ट्रोजना २०१५मध्ये दुसऱ्या क्रमांकाची निवड मिळाली. तीत त्यांनी अॅलेक्स ब्रेगमन घेतला, जो दोन अजिंक्यपदांमध्ये त्यांचा तिसऱ्या बेसवरचा खांब ठरला. म्हणजे या तिघांपैकी कुणाच्या निवडीचं भलं झालं असेल, तर ज्याचा करार फिसकटला त्याच्या.

कॉलेजमधून आलेले थोडे बरे, पण तेही किती? मार्क अॅपल हा २०१३चा पहिला. त्याच्यामागून क्रिस ब्रायंट गेला आणि तीन वर्षांत सर्वोत्तम खेळाडू ठरला. अॅपलनं २०१८मध्ये खेळ सोडला, २०२१मध्ये परत धरला, आणि फिलाडेल्फियाकडून पहिला चेंडू टाकला तेव्हा तो तीस वर्षांचा होता. पहिल्याच क्रमांकाच्या स्टीफन स्ट्रासबर्गनं ८ जून २०१०ला पदार्पणातच चौदा स्ट्राइकआउट केले आणि एकही वॉक दिला नाही. त्याच वर्षी कोपर गेलं. परत आल्यावर २०१२मध्ये वॉशिंग्टनच्या आताच्या संघानं त्याला १५९⅓ डावांवर थांबवून बाद फेरीत बसवून ठेवलं, आणि त्यावर देशभर वाद झाला. २०१९च्या वर्ल्ड सिरीजचा तोच मानकरी. मग साडेचोवीस कोटी डॉलरचा करार, आणि त्या करारात एकूण आठ सामने. पहिल्या क्रमांकावर निवडला गेलेला एकही पिचर अजून हॉल ऑफ फेममध्ये नाही. बॅटर चार आहेत.

उलट बाजूलाही नावं आहेत. डीग्रॉम कॉलेजात बहुतेक काळ शॉर्टस्टॉप होता, नवव्या फेरीत २७२वा निवडला गेला, आणि पुढे सलग दोन वर्षं सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार घेऊन गेला. डेट्रॉइटचा तारिक स्कुबल, २०२४ आणि २०२५ अशा दोन्ही वर्षांचा अमेरिकन लीगमधला साय यंग विजेता, तोही नवव्याच फेरीतला, आणि ड्राफ्टच्या आधीच कोपराची शस्त्रक्रिया झालेला. जॉन स्मोल्ट्झ बाविसाव्या फेरीतला. १९८७मध्ये डेट्रॉइटनं त्याला अटलांटाला देऊन डॉइल अलेक्झांडर आणला. अलेक्झांडरनं एकही न हरता नऊ सामने जिंकून डेट्रॉइटला गटविजेतेपद मिळवून दिलं. स्मोल्ट्झ २०१५मध्ये हॉल ऑफ फेममध्ये गेला. हा सौदा चुकला असं म्हणायचं की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवावं.

बेसबॉलचा अभ्यास करणाऱ्यांमध्ये एक जुनं, थोडं कडवट वचन फिरतं: होतकरू पिचर नावाची गोष्टच अस्तित्वात नसते. त्याचा रोख असा, की जो पिचर वर खेळण्याइतका चांगला आहे त्याला खाली ठेवून त्याचे चेंडू वाया घालवू नका, कारण चेंडू मोजकेच असतात. कोपर ही बँकेत ठेवलेली रक्कम नसून जळणारी मेणबत्ती आहे, असं हे गणित.

हे गणित शरीरातून येतं. क्रिकेटच्या वेगवान गोलंदाजाला कोपर पंधरा अंशांपलीकडे सरळ करता येत नाही; त्याचा भार पाठीच्या खालच्या मणक्यांवर येतो, म्हणून आपल्याकडच्या वेगवान पोरांच्या बातम्यांत ‘स्ट्रेस फ्रॅक्चर’ हा शब्द सारखा येतो. पिचरवर असं बंधन नाही. तो कोपर वाकवतो, दंड मागे पार आडवा टाकतो आणि चाबकासारखा फिरवतो. खांद्याच्या त्या फिरण्याचा वेग सेकंदाला सुमारे सात हजार अंश मोजला गेला आहे. माणसाच्या शरीराच्या सर्वांत वेगवान हालचालींमध्ये तो गणला जातो. त्या क्षणी कोपराच्या आतल्या बाजूचं, करंगळीएवढंही नसलेलं लिगामेंट दंड आणि हात यांना एकत्र धरून असतं. मृतदेहांवरच्या चाचण्यांमध्ये ते ज्या ताणाला तुटतं, त्याच्या जवळजवळ दुप्पट ताण वेगवान चेंडू टाकताना कोपरावर येतो. उरलेला भार आजूबाजूचे स्नायू उचलतात. स्नायू थकले की लिगामेंट उघडं पडतं.

२५ सप्टेंबर १९७४ला लॉस एंजेलिसमध्ये डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन या पिचरच्या हातातला एक कंडरा काढून तो कोपरात, हाडाला भोकं पाडून, ओवला. यश येण्याची शक्यता शंभरात एक, असं त्यांनी सांगितलं होतं. जॉन १९७६मध्ये परत आला आणि त्यानंतर आणखी १६४ सामने जिंकला. आता या शस्त्रक्रियेला त्याचंच नाव आहे आणि ती रोजची झाली आहे. मेजर लीगनं डिसेंबर २०२४मध्ये स्वतःचाच एक अहवाल प्रसिद्ध केला. त्यात मेजर आणि मायनर मिळून अशा शस्त्रक्रिया २०१०मध्ये १०४ होत्या, त्या २०२४मध्ये २८१ झाल्याची नोंद आहे. त्याच सुमारास साध्या सरळ फास्टबॉलचा सरासरी वेग २००८मधल्या ९१.३ मैलांवरून ९४.२ मैलांवर गेला. अहवालानं दोष टाकला तो वेगाच्या हव्यासावर, चेंडूला जास्तीत जास्त वळण द्यायच्या प्रयोगांवर आणि प्रत्येक चेंडू जीव खाऊन टाकण्याच्या सवयीवर. यात संघांबरोबर चाहत्यांच्या याद्यांचाही वाटा आहे, असं प्रस्तुत लेखकाला वाटतं. ९० मैल टाकणारा पोरगा कितीही हुशार असला तरी या याद्यांत वर चढत नाही, आणि चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांना हे पक्कं ठाऊक आहे.

रायनचं लिगामेंटही शेवटी तुटलंच. २२ सप्टेंबर १९९३, सिअॅटल. पण तेव्हा तो ४६ वर्षांचा होता.

आता पुन्हा रेंजर्सकडे. २००४च्या सुमारास त्यांच्या मायनर संघांमध्ये तीन पिचर एकदम वर येत होते: जॉन डँक्स, एडिन्सन वोल्केझ आणि थॉमस डायमंड. आडनावांची आद्याक्षरं जुळवून चाहत्यांनी त्यांना ‘डीव्हीडी’ म्हणायला सुरुवात केली. त्या वर्षांत ती वस्तू घरोघर होती. हे तिघं आर्लिंग्टनमध्ये एकामागोमाग उभे राहतील तेव्हा रेंजर्सचा पिचिंगचा जुना दुष्काळ संपेल, असा हिशेब होता. तिघं एकत्र कधीच उभे राहिले नाहीत. डँक्सला २००६च्या डिसेंबरात शिकागो व्हाइट सॉक्सना देऊन ब्रँडन मकार्थी आणला. दोन वर्षांनी, ३० सप्टेंबर २००८ला, गटविजेता ठरवणाऱ्या एकाच सामन्यात डँक्सनं आठ डाव एकही धाव न देता टाकले आणि शिकागो १–० असं जिंकलं. मकार्थी तोवर टेक्सासमध्ये दुखापतींशी झगडत होता. डायमंडचं कोपर २००७मध्ये गेलं; मेजर लीगमध्ये तो पोचला तो २०१०मध्ये, आणि तोही शिकागो कब्जकडून.

वोल्केझची कथा अधिक वळणांची. २००७मध्ये शिस्त लावायची म्हणून रेंजर्सनी त्याला बरंच खाली, बेकर्सफील्डला पाठवलं आणि पायरीपायरीनं वर चढायला लावलं. तो चढलाही. मग डिसेंबरात त्याला सिनसिनाटीला देऊन जॉश हॅमिल्टन आणला. पुढच्या हंगामात वोल्केझनं १७ सामने जिंकले आणि टेक्सासात चाहते हळहळले. पण हॅमिल्टन २०१०मध्ये अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि रेंजर्स पहिल्यांदाच वर्ल्ड सिरीजला पोचले. वोल्केझ फिरत फिरत कॅन्सस सिटीला गेला. २०१५च्या वर्ल्ड सिरीजचा पहिला सामना त्यानं सुरू केला त्याच दिवशी डोमिनिकन रिपब्लिकमध्ये त्याचे वडील वारले होते. मैदानातून बाहेर येईपर्यंत त्याला ते सांगितलं गेलं नव्हतं. ‘डीव्हीडी’चं पीक आलं म्हणायचं की बुडालं? तिघांपैकी दोघं वर चमकले, एकाच्या बदल्यात संघाला त्याचा सर्वांत मोठा बॅटर मिळाला. मात्र ज्या चित्रासाठी चाहता थांबला होता, ते चित्र कधी उमटलंच नाही.

असे सौदे टेक्सासात आणखीही झाले. डार्टमथ कॉलेजातून आठव्या फेरीत घेतलेला, जेमतेम ८८ मैल टाकणारा काइल हेंड्रिक्स कुणाच्याच स्वप्नात नव्हता. २०१२मध्ये रेंजर्सनी रायन डेम्पस्टरसाठी त्याला कब्जना देऊन टाकलं. २०१६मध्ये हेंड्रिक्सची सरासरी, म्हणजे नऊ डावांमागे दिलेल्या धावा, २.१३ होती, मेजर लीगमध्ये सर्वांत कमी. आणि कब्जनी १०८ वर्षांनी वर्ल्ड सिरीज जिंकली ती सातव्या सामन्यात त्याच्यापासूनच सुरुवात करून. २०१९च्या अखेरीस रेंजर्सनी कोरी क्लूबरसाठी इमॅन्युएल क्लासे दिला. क्लासे क्लीव्हलँडमध्ये लीगचा आघाडीचा क्लोजर, म्हणजे सामन्याचा शेवट करणारा पिचर झाला. क्लूबरनं टेक्साससाठी टाकला एक डाव. अक्षरशः एक.

याचा कळस २०२३मध्ये झाला. रेंजर्सनी पहिल्यांदा वर्ल्ड सिरीज जिंकली तेव्हा त्या पाच सामन्यांची सुरुवात करणारे चौघे होते नेथन इओवाल्डी, जॉर्डन मॉन्टगोमेरी, मॅक्स शर्झर आणि अँड्रू हीनी. एकही घरच्या मळ्यातला नाही. मॉन्टगोमेरीसाठी जे दिलं त्यात मात्र टेकोआ रोबी हा मायनरमधला होतकरू पिचर होता. शेतकरी जसा पीक विकून बैल घेतो, तसा हा व्यवहार.

आणि त्याच वेळी खाली मायनर संघांमध्ये दोन पोरांवर सगळ्यांचे डोळे होते, दोघंही व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या एकाच संघातले. जॅक लायटर हा २०२१च्या ड्राफ्टमधला दुसरा. वडील अॅल लायटर मेजर लीगचे नावाजलेले पिचर; १९८९च्या एप्रिलमध्ये थंडीत त्यांच्याकडून एकाच सामन्यात दीडशेहून अधिक चेंडू टाकून घेतले गेले होते, आणि पुढची काही वर्षं त्यांची दुखापतींतच गेली. मुलाला पहिल्याच हंगामात थेट डबल एला उतरवलं आणि तिथं त्याची सरासरी ५.५४ झाली. २०२३मध्ये तर त्याला काही आठवडे सामन्यांतूनच बाजूला काढून चेंडू टाकण्याची ढब दुरुस्त केली गेली. अशा वेळी याद्या निर्दय असतात. नाव खाली खाली सरकत जातं. २०२४मध्ये तो वर आला आणि बेदम मार खाल्ला. २०२५मध्ये संपूर्ण हंगाम टाकून १० सामने जिंकला, सरासरी ३.८६. साय यंग नाही, फजितीही नाही. ज्याच्यावर तीन वर्षांत दोनदा पाणी सोडलं गेलं, त्याच्याकडून हे पुष्कळ आहे.

दुसरा कुमार रॉकर. या नावाकडे मराठी वाचकाचं लक्ष जाणारच. वडील ट्रेसी रॉकर अमेरिकन फुटबॉलमधले गाजलेले खेळाडू. आई ललिता भारतीय वंशाची. ८ जून २०१९ला, कॉलेजच्या पहिल्याच वर्षी, ड्यूकविरुद्ध त्यानं नो-हिटर टाकला, तोही एकोणीस स्ट्राइकआउट करून. २०२१मध्ये मेट्सनी त्याला दहावा निवडला, साठ लाख डॉलरवर बोलणं झालं, आणि वैद्यकीय तपासणीनंतर करार मोडला. वर्षभरात खांद्याची छोटी शस्त्रक्रिया आणि मेजर लीगच्या कुठल्याही संघाशी न बांधलेल्या एका स्वतंत्र लीगमध्ये काही सामने, एवढंच. तरी २०२२मध्ये रेंजर्सनी त्याला तिसऱ्या क्रमांकावर उचललं तेव्हा बाकीच्या संघांनी भुवया उंचावल्या. मे २०२३मध्ये कोपर गेलं. सप्टेंबर २०२४मध्ये सिअॅटलला पदार्पण, चार डावांत सात स्ट्राइकआउट. २०२५मध्ये मात्र सरासरी साडेपाचच्या वर, आणि पुन्हा राउंड रॉकला, ट्रिपल एला रवानगी. त्याच्याविषयी निकाल द्यायची घाई इतक्यात कुणी करू नये. मेट्सच्या डॉक्टरांना जे दिसलं ते खोटं नव्हतं, आणि रेंजर्सच्या शोधपथकाला जे दिसलं तेही खोटं नव्हतं.

भारताचं नाव या खेळात याआधी आलं ते रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांच्यामुळे. उत्तर प्रदेशचे हे दोन भालाफेकपटू एका टीव्ही स्पर्धेतून निवडले गेले आणि २००८च्या नोव्हेंबरात पिट्सबर्ग पायरेट्सनी त्यांना करारबद्ध केलं. दोघांनी आधी कधी बेसबॉल हातात घेतला नव्हता. त्यांच्यावर डिस्नेनं सिनेमा काढला, तो हिंदुस्थानात पुष्कळांनी पाहिला. सिनेमा जिथं थांबतो त्यानंतरचं कमी जणांना माहीत आहे: पटेलला २०१०मध्ये मुक्त केलं गेलं, सिंग काही वर्षं टिकला, त्याचंही कोपर गेलं, आणि नंतर तो कुस्तीच्या रिंगणात उतरला.

मग पिचर पिकवणं कुणाला जमतच नाही का? रेंजर्सच्याच गटात सिअॅटल आहे. लोगन गिल्बर्ट आणि जॉर्ज कर्बी पहिल्या फेरीतले, ब्राइस मिलर चौथ्या, ब्रायन वू सहाव्या फेरीतला; चौघंही कॉलेजमधून आलेले, सिअॅटलच्याच ड्राफ्टमधले, आणि चौघंही एकाच संघात एकाच वेळी उभे राहिले. ‘डीव्हीडी’ला जे साधलं नाही ते यांना साधलं. वूची कोपराची शस्त्रक्रिया ड्राफ्टच्या वर्षीच झालेली असूनही त्यांनी त्याला घेतलं. बाहेरून दिसणारं सूत्र साधं आहे: चेंडू हवा तिथं टाकता येणारी मुलं आधी घ्यायची, वेग नंतर वाढवायचा. उलट दिशेनं, वेग आधी आणि ताबा नंतर, हे जमणं किती अवघड, त्याचा पुरावा स्टीव्ह डॅल्कोव्स्कीच्या आकड्यांत आहे. मायनर लीगमध्ये, बहुतेक काळ बाल्टिमोरच्या संघांत, १९५७पासून नऊ वर्षं हा डावखुरा खेळला. त्याच्याइतका वेग पाहिला नाही असं त्या पिढीतले बॅटर शपथेवर सांगत. १९६०मध्ये स्टॉकटनला त्यानं १७० डाव टाकले: स्ट्राइकआउट २६२ आणि वॉकही २६२. मेजर लीगच्या उंबरठ्यावर असताना १९६३मध्ये त्याचं कोपर दुखावलं. तो वर कधीच आला नाही.

पोरं वर येवोत न येवोत, ती तिथं राहतात कशी, हा प्रश्न याद्या करणाऱ्यांना फार उशिरा पडला. लाखो डॉलरचे करार पहिल्या काही फेऱ्यांतल्यांना. बाकीच्यांना २०२२पर्यंत सिंगल एमध्ये वर्षाला ११ हजार डॉलरच्या आसपास मिळत. सहा जण मिळून खोली घेत आणि जमिनीवर गाद्या टाकून झोपत. २०२२पासून राहण्याची सोय संघानं करायची असं ठरलं. त्याच वर्षी मायनरचे खेळाडू संघटित झाले आणि २०२३च्या करारानं सिंगल एचा पगार २६,२०० वर, ट्रिपल एचा ३५,८०० वर गेला. विसाव्या फेरीतला पोरगा नीट जेवला-झोपला तर त्याच्या हातातून काय निघेल, याचा प्रयोग खऱ्या अर्थानं आता कुठं सुरू झाला आहे.

डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्को आणि प्लेनो या पट्ट्यात मराठी घरं भरपूर आहेत, आणि शनिवारी सकाळी तिथं क्रिकेटच अधिक खेळलं जातं. आर्लिंग्टनच्या शेजारच्या ग्रँड प्रेअरीत स्वतंत्र लीगच्या एका बेसबॉल संघाचं मैदान होतं. ते बदलून २०२३मध्ये क्रिकेटचं केलं. जून २०२४मध्ये तिथंच अमेरिकेनं पाकिस्तानला हरवलं, आणि सुपर ओव्हर टाकली ती मुंबईकडून रणजी खेळून पुढं शिकायला अमेरिकेला गेलेल्या सौरभ नेत्रावळकरनं. होतकरू डावखुऱ्याचं नशीब वाकडी वाट कशी धरतं, हे तिथल्या मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

त्या भागात राहणाऱ्यांनी किंवा मुलाकडे सहा महिन्यांसाठी जाणाऱ्यांनी एक संध्याकाळ मात्र फ्रिस्को रफरायडर्सच्या मैदानावर काढावी. रेंजर्सचा हा डबल ए संघ. हंगाम एप्रिलपासून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत. तिथं पिचरची सराव करण्याची जागा, म्हणजे बुलपेन, प्रेक्षकांच्या खुर्च्यांमध्येच आहे. वेगाच्या फलकाकडं बघू नका. बुलपेनच्या शेजारी बसा आणि पोरगा अंग गरम करत असताना कॅचरचा पंजा बघा: आधी जिथं धरला तिथंच तो राहतो, की दर चेंडूला हलतो. एवढं बघितलंत तरी पुढच्या हिवाळ्यातली यादी वाचायला तुम्हाला कुणाची मदत लागणार नाही.